अत्याचार सोसणाऱ्या मुलाचा ताबा: वडिलांनी कोणतं पाऊल कधी टाकावं

ताब्याचे असे अर्ज बहुतेक वेळा अडकतात ते तक्रार खोटी असते म्हणून नव्हे, तर पावलांचा क्रम उलटा झालेला असतो म्हणून. मूल काहीतरी सांगतं. वडील आधी घटस्फोटाचा वकील गाठतात, मग मोबाइलवर मुलाचा व्हिडिओ काढतात, रविवारी मूल परत पाठवत नाहीत आणि पंधरा दिवसांनी पोलीस ठाण्यात जातात. तोवर समोरच्या बाजूचं उत्तर तयार असतं: ‘ताबा मिळवण्यासाठी हे सगळं रचलंय, मुलाला पढवलंय.’ घटना खरी असूनही या एका वाक्यामुळे वर्ष निघून जातं.

योग्य क्रम असा: आधी मुलाची सुरक्षितता, मग त्रयस्थांकडे नोंद, मग ताब्याचा अर्ज. यात आठवडे घालवायचे नाहीत, पहिल्या दोन गोष्टी दोन दिवसांत होऊ शकतात. पुढची माहिती भारतातल्या कायद्याची आणि महाराष्ट्रातल्या कोर्टांच्या रीतीची आहे.

अत्याचार म्हणजे मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं, लैंगिक छळ आणि सततची दहशत, हे सगळं. तो करणारी व्यक्ती आईच असेल असं नाही. आईचा जोडीदार, तिच्या घरातला नातेवाईक किंवा घरी येणारा शिकवणीवालाही असू शकतो. ती व्यक्ती कोण, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवा, कारण कोर्टाकडे काय मागायचं ते त्यावर ठरतं.

१. मूल बोललं, त्या दिवशी

फोन बाजूला ठेवा, मुलाशेजारी बसा आणि ऐका. विचारायचंच असेल तर उघडे प्रश्न विचारा: ‘मग काय झालं?’, ‘तेव्हा तू कुठे होतास?’, ‘अजून काही सांगायचंय?’ ‘मामानेच केलं ना?’ किंवा ‘त्याने कपडे काढले का?’ असं विचारू नका. अशा प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. उलटतपासणीत पहिला हल्ला नेमका तिथेच होतो, आणि लहान मूल मोठ्यांना खूश करायला ‘हो’ म्हणतं हे न्यायाधीशांनाही माहीत असतं.

‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,’ एवढं सांगा. ‘आता तुला तिकडे कधीच पाठवणार नाही,’ असं वचन देऊ नका. ते पाळणं तुमच्या हातात नाही, आणि पुढे ‘मुलाला आमिष दाखवलं’ म्हणून तेच तुमच्याविरुद्ध मांडलं जाईल.

त्यानंतर तासाभरात वहीत लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, बोलणं कसं निघालं, तुम्ही काय विचारलं आणि मूल काय म्हणालं. शब्द मुलाचेच ठेवा. मूल ‘सूच्या जागी दुखतं’ म्हणालं असेल तर तसंच लिहा, ‘लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले’ असं नको. तुमचे प्रश्नही लिहा, अगदी चुकून सूचक विचारला गेला असेल तोसुद्धा. प्रामाणिक नोंद कोर्टात टिकते. फार सफाईदार नोंदीवर संशय येतो.

इशारा: मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून व्हिडिओ काढू नका. आजी, आत्या, वकील, शेजारी अशा प्रत्येकासमोर तेच सांगायला लावलं की वाक्यं पाठ झाल्यासारखी येऊ लागतात, तपशील बदलतात आणि मुलाला ती घटना दर वेळी नव्याने भोगावी लागते. व्हिडिओ आधीच काढला असेल तर तो पुसू नका, कापू नका, कुणाला पाठवू नका. मूळ फाइल जपा आणि वकिलाला सांगा.

२. डॉक्टर, आणि तेही लगेच

अंगावर खुणा असतील किंवा लैंगिक छळाची शंका असेल तर पोलीस ठाण्याची वाट पाहू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या (२०१२) कलम २७ नुसार गुन्हा नोंदलेला नसतानाही मुलाची वैद्यकीय तपासणी होऊ शकते. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असावी लागते. पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांतल्या पीडित मुलांवर सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांनी प्रथमोपचार मोफत करायचे असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये तशी तरतूद आहे. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ही दोन कलमं कागदावर लिहून समोर ठेवा.

तपासणीआधी मुलाला अंघोळ घालू नका. त्या वेळचे कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. नमुने मिळण्याची शक्यता ७२ तासांनंतर झपाट्याने घटते. तरी ९६ तासांपर्यंत ते घ्यावेत अशी आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मात्र दिवस उलटून गेले म्हणून तपासणी टाळू नका. शारीरिक खुणा न सापडणं म्हणजे काही घडलंच नाही असं नसतं, आणि मुलाने डॉक्टरांना जे सांगितलं ते केसपेपरवर उतरतं, हेही महत्त्वाचं.

मारहाणीच्या खुणांचे फोटो स्वतः काढताना आधी चेहऱ्यासह पूर्ण शरीराचा एक, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. गुप्तांगांचे फोटो तुम्ही काढायचे नाहीत, ते काम डॉक्टरांचं. फोटो क्रॉप करू नका, उजळ करू नका. फक्त व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीवर अवलंबून राहू नका. तिथे फाइल दाबली जाते आणि काढल्याची मूळ नोंद जाते. तीन-चार दिवसांनी परत फोटो घ्या, खुणांचा रंग बदललेला दिसतो. ‘हा वळ मंगळवारचाच’ असा दावा मात्र करू नका. रंगावरून नेमका दिवस डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

तपासा: केसपेपरवर वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचा क्रमांक, म्हणजे एमएलसी क्रमांक, पडला का? ‘कुणी मारलं’ या रकान्यात मुलाचे शब्द आहेत की तुमचे? तुमचे असतील तर ‘वडिलांनी सांगितल्यानुसार’ असा उल्लेख तिथे हवा.

३. तक्रार: कुठे आणि कशी

लैंगिक गुन्ह्याची माहिती असेल तर ती देणं पोक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ‘आधी ताब्याचं बघू, मग तक्रार करू’ असं ठरवणारा बाप दोन्हीकडून अडकतो. उशीर त्याच्या विरोधात वापरला जातो, आणि माहिती दडवणं हा कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षेचा गुन्हाही आहे. सद्हेतूने दिलेल्या माहितीला कायद्याचं संरक्षण आहे. बदनामी किंवा खंडणीसाठी खोटी तक्रार केली तर मात्र कलम २२ लागतं. म्हणून जे ऐकलं तेवढंच लिहा. ‘आईलाही माहीत असणार’ हा तुमचा अंदाज असेल तर तो तक्रारीत घुसवू नका.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द वेगळी असली तर झिरो एफआयआर नोंदवून ती वर्ग होते. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. यातलं काही मोडलं जात असेल तर आवाज न चढवता तिथेच लेखी द्या.

ठाण्यात दाद मिळाली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांकडे पाठवा, आणि पोचपावती ठेवा. त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

मारहाणीच्या प्रकरणात अनेकदा अदखलपात्र नोंद करून, म्हणजे एनसी करून, परत पाठवलं जातं. एनसीची प्रत घ्या आणि थेट पुढच्या टप्प्याकडे जा. मूल ज्याच्या देखरेखीखाली आहे त्यानेच केलेली क्रूरता बाल न्याय अधिनियमाच्या (२०१५) कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, हे तक्रारीत नमूद करा.

अगदी तातडी असेल, मूल आत्ता त्या घरात अडकलंय आणि मार खातंय, तर १०९८ (मुलांची मदतवाहिनी) किंवा ११२ (पोलीस, आपत्कालीन मदत) लावा. स्वतः दारात जाऊन भांडू नका. त्या रात्रीच्या भांडणाची उलटी तक्रार तुमच्यावर झाली तर पुढे कोर्टात तीच आधी वाचली जाते.

४. बाल कल्याण समिती: बहुतेकांनी वगळलेली पायरी

प्रत्येक जिल्ह्यात अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती असते. सोबत राहणाऱ्या व्यक्तीकडून इजा, छळ किंवा दुर्लक्ष होणारं मूल कायद्याच्या भाषेत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असतं आणि त्याच्याबाबत निर्णय घ्यायचे अधिकार या समितीला आहेत. एफआयआर असायलाच हवा अशी अट नाही. वडील स्वतः अर्ज देऊ शकतात. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलाला एका सदस्यासमोरही हजर करता येतं. शनिवारी संध्याकाळी प्रकार उघड झाला आणि कोर्ट सोमवारी उघडणार, अशा वेळी हे फार उपयोगी पडतं.

पोक्सोचा गुन्हा असेल तर पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं. आरोपी मुलाच्याच घरात राहत असेल तर मुलाला त्या घरातून हलवावं का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार ते ठरवताना आई-वडिलांपैकी कुणी किंवा मुलाचा विश्वास असलेली दुसरी कुणी व्यक्ती मुलाला सांभाळू शकते का, मुलाची इच्छा काय, घरात आधी हिंसा होती का, या गोष्टी पाहिल्या जातात. तुमचा अर्ज याच मुद्द्यांवर बेतलेला असावा: मी कुठे राहतो, घरात कोण आहे, मी कामावर असताना मूल कुणाजवळ असेल, शाळा किती लांब, उपचार कुठे चालू करणार. दीड-दोन पानं पुरेत. समिती बायकोच्या वागणुकीचा इतिहास ऐकायला बसलेली नाही.

मुलासाठी ‘सहायक व्यक्ती’ नेमण्याची विनंतीही इथेच करा. तपासात आणि खटल्यात ही व्यक्ती मुलासोबत असते, आणि तिचं निरीक्षण तुमच्या शब्दापेक्षा वजनदार ठरतं.

इशारा: समितीने मूल तुमच्याकडे दिलं म्हणजे ताबा मिळाला असं नव्हे. ती संरक्षणाची व्यवस्था आहे. आई-वडिलांमधला ताब्याचा वाद सोडवणं हे कौटुंबिक न्यायालयाचं काम. समितीच्या आदेशावर विसंबून अर्ज लांबवणारे वडील सहा महिन्यांनी मोकळ्या हाताने उभे राहिलेले दिसतात.

५. मूल आत्ता कुणाकडे आहे?

भेटीच्या दिवशी मूल तुमच्याकडे आलंय, त्याने सगळं सांगितलंय आणि संध्याकाळी परत सोडायचा कोर्टाचा आदेश आहे. सर्वांत अवघड वळण हेच. नुसतं परत न पाठवणं म्हणजे आदेशभंग. गुपचूप परत पाठवणं म्हणजे मुलाला धोक्यात ढकलणं. वाट तिसरी आहे: त्याच दिवशी डॉक्टर, १०९८ किंवा पोलीस, शक्य तितक्या लवकर समिती, आणि कोर्ट उघडताच पहिल्या दिवशी तातडीचा अर्ज. वकिलामार्फत समोरच्या बाजूला दोन ओळींची लेखी सूचना द्या: मूल अमुक ठिकाणी सुरक्षित आहे, अमुक अधिकाऱ्यांना कळवलं आहे, कोर्टात अर्ज करत आहोत. आरोप, टोमणे काही नको.

मूल समोरच्या घरात असेल तर शाळेच्या फाटकातून उचलून आणू नका. ‘नैसर्गिक पालक मीच’ हे कायद्याने खरं असलं तरी ताब्याच्या प्रकरणात हा युक्तिवाद तोकडा पडतो, आणि मुलाला पळवून नेणारा बाप अशी पहिली ओळख होते. या काळात शाळेची फी, पोटगी, जे चालू आहे ते चालूच ठेवा. दबाव म्हणून पैसे थांबवणं ही सर्वांत स्वस्तात केलेली आणि सर्वांत महाग पडणारी चूक.

सोसायटीच्या ग्रुपवर, फेसबुकवर, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर एक शब्द नको. पीडित मुलाची ओळख उघड होईल असं काहीही टाकणं पोक्सो आणि बाल न्याय या दोन्ही कायद्यांखाली गुन्हा आहे, मग ते टाकणारा बाप का असेना.

६. कोणतं कोर्ट, कोणतं कलम

घटस्फोट, नांदायला येणं किंवा तत्सम दावा हिंदू विवाह कायद्याखाली आधीच चालू असेल तर त्याच दाव्यात कलम २६ खाली ताब्याचा अर्ज द्या. विशेष विवाह कायद्याखालचा दावा असेल तर कलम ३८. वेगळ्या शहरात नवं प्रकरण उघडलंत तर पहिले काही महिने बदली आणि हद्दीच्या वादातच जातात.

कोणताही दावा चालू नसेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९०. कलम ७ आणि २५ खाली मूळ अर्ज, आणि कलम १२ खाली अंतरिम ताबा व संरक्षणाचा अर्ज, दोन्ही एकाच दिवशी दाखल व्हायला हवेत. अर्ज करायचा तो मूल जिथे साधारणपणे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. तुम्ही पुण्यात नोकरी करता म्हणून पुण्यात अर्ज, आणि मूल तीन वर्षं नागपूरच्या शाळेत, असं केलं तर प्रकरण हद्दीवरच परत येतं. मूल नुकतंच हलवलं गेलं असेल तर शाळेचे दाखले जोडून आधीचा पत्ता सिद्ध करा.

आई हयात नाही आणि मूल इतर नातेवाइकांनी धरून ठेवलंय, अशा वेळी उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस), म्हणजे बेकायदा धरून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे आणण्याची, याचिकाही चालू शकते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आईच्या मृत्यूनंतर तिच्या नातेवाइकांकडे असलेल्या लहान मुलीचा ताबा वडिलांना मिळण्याचा आदेश याच मार्गाने कायम केला.

दोन गैरसमज इथेच मोडून काढू. पहिला, ‘पाच वर्षांखालचं मूल आईकडेच.’ हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या (१९५६) कलम ६ मध्ये ‘सामान्यतः’ हा शब्द आहे, आणि कलम १३ नुसार मुलाचं हित सर्वोपरी. अत्याचाराची ठोस नोंद असेल तर हा नियम मागे हटू शकतो. मुस्लिम कायद्यात हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असते, पण तिथेही कोर्ट शेवटी हितच तपासतं. दुसरा गैरसमज, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वडील तात्पुरता ताबा मागू शकतात. नाही. २००५ च्या त्या कायद्यातलं कलम २१ पीडित स्त्रीसाठी आहे. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

७. कागद: काय लागतं आणि काय कुचकामी ठरतं

मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, हजेरी आणि प्रगतिपुस्तक, विवाहाचा पुरावा, तुमचा रहिवास पुरावा, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं किंवा पगारपत्रकं. अत्याचाराबाबत: केसपेपर, एमएलसी, एफआयआर किंवा एनसी, समितीचे आदेश, समुपदेशकांचे अहवाल. आधीच्या सगळ्या प्रकरणांचे आदेश प्रमाणित प्रतींत घ्या. नक्कल अर्ज आजच टाका, कारण नकला मिळायला दिवस लागतात.

शाळेचे कागद लोक हलक्यात घेतात आणि तिथेच चुकतात. अचानक वाढलेली गैरहजेरी, घसरलेले गुण, वर्गशिक्षिकेने डायरीत लिहिलेली ओळ, या सगळ्या भांडणाच्या आधीच्या आणि त्रयस्थ नोंदी असतात. शाळेकडे लेखी मागणी करा. शिक्षकांवर साक्षीसाठी दबाव टाकू नका, गरज पडली तर कोर्टाचं समन्स निघतं.

मोबाइलमधले फोटो, संदेश, कॉल रेकॉर्डिंग यांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. पती-पत्नीतलं गुप्त रेकॉर्डिंग वैवाहिक प्रकरणात पुरावा म्हणून चालू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. म्हणून समोरच्या घरात यंत्र लपवायला किंवा मुलाच्या दप्तरात रेकॉर्डर घालायला परवानगी मिळाली असं समजू नका. मुलाला हेर करणारा बाप कोर्टाला मुळीच आवडत नाही, आणि ते योग्यच आहे.

कुचकामी काय? नातेवाइकांची एकाच मजकुराची शपथपत्रं. दोनशे पानांचे व्हॉट्सअॅप संवाद, ज्यात मुलाचा उल्लेख चार ठिकाणी आहे. आईच्या चारित्र्यावरचे फोटो. तिचे कुणाशी संबंध आहेत हा मुद्दा नाही. त्या माणसाने मुलाला काय केलं, आणि कळल्यावर तिने काय केलं, एवढाच मुद्दा आहे.

तपासा: न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा मुलाचा जबाब आरोपपत्राआधी हातात येईल असं धरून अर्जाची बांधणी करू नका.

८. अर्ज लिहिताना

तारखांचा तक्ता पहिल्या दोन पानांत यावा: कधी काय घडलं, कुणाला कळवलं, त्याचा कागद कोणत्या पानावर. लग्नापासूनची कहाणी नको. आपली दुबळी बाजू स्वतःच सांगा. तुमच्यावर क्रूरतेची तक्रार प्रलंबित आहे, पाळीची नोकरी आहे, एकदा दारूवरून भांडण झालं होतं, जे असेल ते. समोरच्या वकिलाने काढलेली गोष्ट आणि तुम्ही सांगितलेली गोष्ट यांचं वजन सारखं नसतं.

मागण्या उतरत्या क्रमाने मागा, म्हणजे पहिली नाकारली तरी हात रिकामे राहत नाहीत:

- निकालापर्यंत अंतरिम ताबा; तो नसेल तर मूल आजी-आजोबा किंवा दोन्ही बाजूंना चालेल अशा नातेवाइकाकडे.
- आरोपी व्यक्तीने मुलाला भेटू नये, फोन करू नये, मूल असलेल्या घरी येऊ नये.
- आईची भेट कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकाच्या देखरेखीखाली.
- मुलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय हद्दीबाहेर किंवा परदेशी नेऊ नये, पासपोर्ट कोर्टात जमा व्हावा.
- त्रयस्थ बालमानसतज्ज्ञाकडून मूल्यांकन आणि उपचार.
- बंद दालनात सुनावणी, आणि नोंदींत मुलाची ओळख झाकलेली.

आईची भेट पूर्ण बंद करा ही मागणी फक्त अत्याचार तिनेच केला असेल आणि नोंद भक्कम असेल तेव्हाच करा. तिचा दोष दुर्लक्षाचा असेल आणि तुम्ही तिला मुलाच्या आयुष्यातूनच पुसायला निघालात, तर कोर्ट तुमच्या हेतूकडे बघायला लागतं. देखरेखीखालची भेट स्वतःहून देऊ केलीत तर अंतरिम ताब्याची शक्यता वाढते.

सोबत संगोपनाची योजना जोडा, एक पान. सकाळी उठवणार कोण, डबा कोण करणार, शाळेत सोडणं-आणणं, आजारपणात रजा कोण घेणार, समुपदेशनाचा वार कोणता. ‘माझी आई आहे’ हे उत्तर पुरत नाही. आईचं वय, तब्येत आणि ती खरंच सोबत राहते का, हे विचारलं जातं.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण अर्ज लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मदतवाहिनी १५१००. तुमची उत्पन्न मर्यादा ओलांडली असली तरी मूल स्वतः उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी साहाय्याला पात्र आहे.

९. समुपदेशक आणि न्यायाधीशांची मुलाशी भेट

कौटुंबिक न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करतं. तारीख चुकवू नका, पण पहिल्याच भेटीत लेखी सांगा की मुलावरच्या गुन्ह्याबाबत तडजोड शक्य नाही, आणि मुलाला आरोपी किंवा त्याची पाठराखण करणाऱ्यांसमोर बसवू नये. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. ‘तक्रार मागे घे, मूल घेऊन जा’ असा सौदा बाहेर कुणी मांडला तर नकार द्या आणि त्याची नोंद करा. पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी तिची प्रत्येक ओळ वाचा. ‘आपसात वाद मिटला’ हे वाक्य कुठून आत येईल सांगता येत नाही.

समुपदेशक घरभेटीला येतील. घर चकाचक नको, मुलाची जागा दिसली पाहिजे: झोपायची, अभ्यासाची, खेळायची. तुम्ही समोरच्या बाजूबद्दल मुलादेखत काय बोलता, हे ते नक्की टिपतात.

न्यायाधीश मुलाशी स्वतंत्रपणे बोलू शकतात. समजून सांगण्याएवढं वय असेल तर मुलाची पसंती विचारात घेतली जाते, नेमकं वय कायद्यात लिहिलेलं नाही. त्या दिवशी मुलाला एवढंच सांगा: ‘एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलतील, जे आहे ते सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.’ नवे कपडे, खेळणं, हॉटेलचं आमिष काही नको. परतल्यावर ‘काय विचारलं?’ म्हणून खोदू नका.

१०. आदेश हातात आल्यावर

आदेश ऐकून घरी जाऊ नका. रोजनामा (त्या दिवसाच्या कामकाजाची कोर्टाची नोंद) पाहा, नकलेसाठी अर्ज करा, आणि मूल कुणी, कुठे, किती वाजता सोपवायचं हे आदेशात नसेल तर त्याच दिवशी स्पष्टीकरण मागा. सोपवणं कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकासमोर झालेलं बरं. समोरचे अडवतील अशी शक्यता असेल तर पोलीस साहाय्याचा उल्लेख आदेशातच मागून घ्या. तो नसेल तर ठाण्यातून ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकायला मिळेल.

प्रमाणित प्रत शाळेला, डॉक्टरांना आणि समितीला द्या. मूल कुणाच्या हवाली करायचं त्यांची नावं शाळेत लेखी द्या. समोरच्यांनी आदेश मोडला तर अंमलबजावणीचा अर्ज आणि अवमान अर्ज, घरी जाऊन ओढाओढ नाही. तुमचा अंतरिम अर्ज फेटाळला गेला तर बहुतेक वेळा वाट उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेची असते. अंतिम निकालावरच्या अपिलाला कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ मध्ये ३० दिवस आहेत. निकालाची नक्कल मागितल्याची तारीख लिहून ठेवा, मुदत मोजताना ती कामाला येते.

फौजदारी खटल्यात आरोपी सुटला म्हणून ताबा आपोआप जात नाही, आणि त्याला शिक्षा झाली म्हणून तो आपोआप मिळतही नाही. दोन्हीकडे पुराव्याचं माप वेगळं आहे. ताब्याचा कोणताही आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतो, म्हणून वहीतली नोंद थांबवू नका: उपचारांच्या तारखा, भेटी कशा झाल्या, भेटीनंतरच्या रात्री झोप कशी लागली. मूल सावरतंय तेही लिहा. सहा महिन्यांनी फेरअर्ज आला तर पहिली मागणी याच वहीची होईल.